उद्योग-पुरस्कृत शिष्यवृत्ती: सही करण्याआधी आणि केल्यानंतरही विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान-अभियांत्रिकीत एम.टेक., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करताना कंपनीच्या पैशावर शिकता येतं, हे बहुतेकांच्या कानावर असतं. तो पैसा कोणत्या वाटेने येतो आणि सोबत काय काय घेऊन येतो, याबद्दल मात्र अंदाजच जास्त. मी स्वतः अशा शिष्यवृत्तीवर डॉक्टरेट केली आणि नंतर बरीच वर्षं विद्यापीठाच्या बाजूने असे करार वाचायचं काम केलं. खालचे प्रश्न त्या टेबलावर पुन्हा पुन्हा आलेले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत, ती मी झाकून ठेवलेली नाहीत.

उद्योग-पुरस्कृत शिष्यवृत्ती म्हणजे नेमकं काय?

या एका नावाखाली निदान पाच वेगळ्या गोष्टी खपतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

पहिली निखळ फेलोशिप. कंपनी पैसे देते. विषय तुमचा, निकालही तुमचे. आयबीएमने अशी पीएच.डी. फेलोशिप १९५१ साली सुरू केली, गूगलने २००९ साली. इथे स्पर्धा प्रचंड, पण बंधनं सगळ्यांत कमी.

दुसरी भागीदारीतली. सरकार आणि कंपनी मिळून तुमचा भार उचलतात. ब्रिटनमधल्या ‘इंडस्ट्रियल केस’ योजनेत सरकारी संशोधन परिषद जेवढे पैसे देई त्याच्या निदान एक तृतीयांश रक्कम कंपनी वर घालत असे. भारतात पंतप्रधानांच्या नावाने सुरू झालेली डॉक्टरेट फेलोशिप याच साच्यातली: निम्मी रक्कम सरकारची, निम्मी कंपनीची.

तिसरी म्हणजे चक्क नोकरी. फ्रान्समध्ये १९८१पासून चालत आलेल्या ‘सिफ्र’ योजनेत कंपनी तुम्हाला पगारावर घेते, विद्यापीठ तुम्हाला पीएच.डी.ला घेतं आणि सरकार कंपनीला वर्षाला १४,००० युरो अनुदान देतं. डेन्मार्कची औद्योगिक पीएच.डी. त्याहूनही जुनी, १९७०च्या दशकातली. तिथेही विद्यार्थी तीन वर्षं कंपनीचा नोकर असतो.

चौथ्या प्रकारात आपण आहोत हे कित्येकांना ठाऊकच नसतं. कंपनी तुमच्या गाईडला प्रकल्पासाठी पैसे देते आणि त्यातून तुम्हाला दरमहा स्टायपेंड मिळतो. तुम्ही कंपनीबरोबर काहीच सही केलेलं नसतं, पण गाईडने आणि विद्यापीठाने केलेलं असतं आणि त्यातली बंधनं तुमच्यावर येतात. स्टायपेंड कुठून येतो हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्या, त्यात उद्धटपणा काही नाही.

पाचवी, नोकरी करणाऱ्याला कंपनीने स्वतःच पुढे शिकायला पाठवणं. तिचं सोपं नाव बॉंड: शिकून आल्यावर ठरावीक वर्षं त्याच कंपनीत काम करायचं, नाहीतर पैसे परत करायचे. त्याबद्दल खाली येईलच.

कंपन्या पैसे का देतात? एवढ्या उदार असतात का त्या?

काही थोड्या असतात. बाकीच्यांचा हिशोब सरळ असतो. तीन-चार वर्षं कामात पाहिलेला माणूस नोकरीवर घेणं हे तासाभराच्या मुलाखतीपेक्षा कितीतरी भरवशाचं. शिवाय तुमच्यामार्फत गाईडची लॅब, तिथली यंत्रं आणि गाईडचं डोकं यांच्यापर्यंत वाट मिळते. आणि प्रत्येक कंपनीत एखादा असा प्रश्न पडून असतो की जो महत्त्वाचा तर आहे, पण त्यावर पूर्ण वेळ माणूस बसवावा इतका तातडीचा नाही. तुम्ही त्या प्रश्नासाठी असता.

यात गैर काही नाही, फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. या मामल्यात तीन घड्याळं एकाच भिंतीवर टांगलेली असतात. कंपनीचं घड्याळ तिमाहीचं, विद्यापीठाचं सत्राचं आणि तुमचं प्रबंधाचं. पहिली दोन चुकली तरी त्यांचे मालक पुढच्या तिमाहीत, पुढच्या सत्रात सावरतात. तुमचं एकदाच चालतं. म्हणून या पैशाबद्दलचा प्रत्येक प्रश्न मी एकाच बाजूने तपासतो: या कलमाने प्रबंध किती दिवस लांबेल?

मास्टर्सला मिळते का, की फक्त पीएच.डी.ला?

मिळते, पण तिचं रूप वेगळं असतं. मास्टर्सच्या वर्ष-दोन वर्षांत कंपनीला संशोधनाचा निकाल हाती लागेलच असं नसतं, म्हणून तिथे फी-माफी, इंटर्नशिप जोडलेली शिष्यवृत्ती किंवा प्रबंधापुरता प्रकल्प असं मिळतं. कॅनडातल्या मायटॅक्स या संस्थेच्या ‘अ‍ॅक्सेलरेट’सारख्या योजना चार ते सहा महिन्यांच्या तुकड्यांनी चालतात, त्यामुळे मास्टर्सवाल्यांना त्या सोयीच्या.

अर्ज कोण करतं? मी, गाईड की कंपनी?

योजनेवर अवलंबून आहे. निखळ फेलोशिपला बहुतेक वेळा विद्यापीठाने नाव सुचवावं लागतं, आणि प्रत्येक विद्यापीठाला ठरावीक नावंच पाठवता येतात. म्हणजे कंपनीच्या अंतिम तारखेच्या महिना-दीड महिना आधी विभागातली आतली तारीख येऊन जाते आणि ती सूचनाफलकावर लागेलच याची खात्री नाही. विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. भागीदारीच्या योजनांत तिघांच्याही सह्या लागतात आणि सर्वांत जास्त वेळ कंपनीच्या कायदा विभागात जातो.

माझी कुठल्याच कंपनीत ओळख नाही. कंपनी शोधायची कशी?

ओळखीचं महत्त्व लोक फार मोठं करून सांगतात. मला विचाराल तर उत्तम ठिकाण म्हणजे तुमच्या विषयातल्या पेपरांचा शेवट, आभाराचा परिच्छेद. तो कोणी वाचत नाही. ‘या कामाला अमुक कंपनीचं अर्थसाहाय्य मिळालं’ हे तिथे छापलेलं असतं. गेल्या पाच वर्षांतले पन्नास पेपर काढा, नुसते आभार वाचा, एका संध्याकाळचं काम आहे. विद्यापीठातल्या संशोधनाला पैसे देण्याची सवय असलेल्या कंपन्यांची यादी हातात येईल.

दुसरी जागा पेटंटची. तुमच्या विषयातली पेटंटं कोणाच्या नावावर आहेत आणि संशोधक म्हणून कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. पत्र लिहायचं ते त्या माणसांना. तिसरी जागा म्हणजे गाईडचे जुने विद्यार्थी. त्यातले निम्मे कुठल्यातरी कंपनीच्या आर अँड डीमध्ये असतात आणि आपल्या लॅबमधलं पोर म्हटल्यावर उत्तर देतात. परिषदांत कंपनीच्या स्टॉलवर उभ्या असलेल्यांशी बोलण्यात फारसा अर्थ नाही, ती विक्रीची माणसं. कंपनीचे संशोधक पोस्टरं बघत फिरत असतात. आपल्या पोस्टरपाशी उभे राहा.

पत्रात काय लिहू?

एचआरला लिहू नका, संशोधन विभागातल्या माणसाला लिहा. एक पान. सुरुवात स्वतःपासून न करता त्यांच्या अडचणीपासून करा. ‘मी अमुक विषयात डॉक्टरेट करत असून मला शिष्यवृत्तीची गरज आहे’ हे वाक्य वाचून कोणाचाही हात खिशाकडे जात नाही. ‘तुमच्या अमुक पेटंटमध्ये गंज लागण्याचा वेग तापमानावर कसा ठरतो हे मोकळं सोडलेलं दिसतं, आमच्या लॅबमध्ये ते मोजण्याची सोय आहे’ असं लिहिलं तर निदान फोन येतो. त्या उत्तराने कंपनीचा कोणता निर्णय सोपा होईल हेही एका ओळीत सांगा. आणि वेळ साधा: पुढच्या वर्षाचं बजेट ठरण्याआधी तीन-चार महिने. ठरून गेल्यावर चांगलं पत्रसुद्धा ‘पुढच्या वर्षी बघू’च्या फायलीत जातं.

मार्क किती लागतात?

पात्रतेच्या रेषेवर असले की पुरतात. त्यापुढे प्रश्न काय मांडलाय, गाईड कोण आणि काम मुदतीत संपेल का, हे बघतात.

माझं काम मूलभूत विज्ञानात आहे. मला कोण देणार?

‘उपयोजन’ या शब्दाची धास्ती घेऊ नका. अमेरिकेतल्या सेमीकंडक्टर कंपन्यांनी १९८२ साली एकत्र येऊन ‘सेमीकंडक्टर रिसर्च कॉर्पोरेशन’ काढलं. जे संशोधन सगळ्यांनाच लागणार आहे आणि अजून कोणाच्या उत्पादनात उतरलेलं नाही, त्याला विद्यापीठांत पैसे पुरवायचे ही कल्पना. अशा स्पर्धापूर्व कामात पृष्ठभागाचं भौतिकशास्त्र, पदार्थांचं रसायन, गणिती प्रारूपं असं बरंच बसतं. एकेकट्या कंपनीच्या दारात जाण्याऐवजी अशा संघांकडे, उद्योगांच्या संघटनांकडे बघा. विषय उगाच वाकवून ‘बॅटरीसाठी उपयुक्त’ असं लिहू नका. वाचणाऱ्याने बॅटरीत वीस वर्षं घातलेली असतात.

विषय कोण ठरवणार?

कंपनीने प्रश्न द्यावा, तुम्ही आणि गाईडने त्याचा प्रबंध करावा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आमच्या पंपाचा आवाज कमी करा’ हा प्रश्न झाला. आवाज का होतो आणि कुठल्या परिस्थितीत तो टाळता येत नाही, हा प्रबंध. कंपनीचा प्रश्न पहिल्या सहा महिन्यांत सुटला तरी प्रबंध उरला पाहिजे, कंपनीने प्रश्नच बदलला तरी उरला पाहिजे. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिताना ही कसोटी लावा. ‘कामाची व्याप्ती वेळोवेळी कंपनी ठरवेल’ असं वाक्य करारात दिसलं तर थांबा. दर तिमाहीला नवीन दिशा म्हणजे चौथ्या वर्षी हातात बारा सुरुवाती आणि एकही शेवट नाही.

कंपनीत किती दिवस जाऊन बसावं लागतं?

ब्रिटनच्या इंडस्ट्रियल केसमध्ये निदान तीन महिने बसावं लागे. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी औद्योगिक डॉक्टरेटमध्ये निम्मा वेळ विद्यापीठाबाहेर. फ्रान्स-डेन्मार्कच्या पद्धतीत वाटणी तिघं मिळून ठरवतात. माझा सल्ला: तुकड्या-तुकड्यांनी आठवड्याला एक दिवस जाण्यापेक्षा सलग तीन महिने जा. एक दिवस जाणाऱ्याला पाहुण्याची वागणूक मिळते. सलग बसणाऱ्याला जेवणाच्या टेबलावर कळतं की मागच्या वेळी हाच प्रयोग कोणी केला होता आणि तो का फसला.

संशोधन कोणाच्या मालकीचं?

याला वेळ देतो, कारण इथे चुकलं की निस्तरता येत नाही.

आधी दोन शब्द वेगळे करा: शोध लावणारा आणि मालक. पेटंटवर शोध लावणाऱ्याचं नाव घालावंच लागतं. तुम्ही शोधात खरोखर डोकं घातलं असेल तर ते नाव करारानेही काढता येत नाही. पण पेपरवर सहलेखक असणं आणि पेटंटवर शोधक असणं सारखं नव्हे. मोजमापं करून देणाऱ्याचं नाव पेपरवर येईल, पेटंटवर येणार नाही. मालकी हा त्यानंतरचा प्रश्न, आणि तो करार ठरवतो.

त्यात पुन्हा दोन वाटण्या असतात. काम सुरू होण्याआधी ज्याच्याकडे जे होतं ते त्याचंच राहतं. कामातून नवं निघेल त्याची वाटणी साधारण तीन प्रकारांनी होते. एक, मालकी विद्यापीठाची आणि कंपनीला परवाना घेण्याचा पहिला हक्क. दोन, मालकी कंपनीची आणि विद्यापीठाला शिकवण्या-संशोधनापुरता वापर. तीन, दोघांची संयुक्त. तिसरा प्रकार ऐकायला गोड आणि निभवायला सगळ्यांत अवघड. अमेरिकेच्या कायद्याने संयुक्त मालकांपैकी कोणीही दुसऱ्याला न विचारता, न पैसे देता पेटंट वापरू शकतो, परवानाही देऊ शकतो. भारतात आणि ब्रिटनमध्ये परवाना द्यायला दुसऱ्याची संमती लागते. म्हणजे तोच शब्द, पण दोन देशांत अगदी उलट परिणाम.

आणि प्रवेशद्वारावरच्या कागदाची गोष्ट. स्टॅनफर्डमधला एक तरुण संशोधक १९८९ साली पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचं, तंत्र शिकायला सीटस नावाच्या कंपनीत जाऊ लागला. तिथे त्याने पाहुण्यांसाठीच्या गोपनीयतेच्या कागदावर सही केली. स्टॅनफर्डबरोबरच्या त्याच्या करारात ‘हक्क देण्याचं मान्य करतो’ असं होतं, सीटसच्या कागदावर ‘हक्क याद्वारे देत आहे’ असं. पहिलं म्हणजे पुढे देण्याचं वचन, दुसरं म्हणजे सही करतानाच दिलेला हक्क. पुढे सीटसचा तो व्यवसाय रोश या कंपनीने घेतला, एचआयव्हीच्या चाचणीच्या पेटंटांवरून खटला उभा राहिला आणि २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात स्टॅनफर्ड हरलं. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाबद्दलचा १९८० सालचा बेह-डोल कायदाही विद्यापीठाच्या मदतीला आला नाही. कारण शोध मुळात शोधकाचा असतो, असं न्यायालयाने म्हटलं. एका क्रियापदाच्या काळाने एवढं घडलं. गेटवर पुढे केलेला कागद ‘फॉर्मॅलिटी आहे हो’ म्हणत सही करायचा नसतो. फोटो काढा, विद्यापीठात करार पाहणाऱ्या कार्यालयाला पाठवा, अर्धा तास थांबा.

पेपर छापता येईल ना?

बहुतेक वेळा हो, थोडं थांबून. करारात कंपनीला मसुदा आधी पाहण्याचा हक्क असतो. ३० ते ९० दिवसांची मुदत रास्त म्हणायची. पेटंट दाखल करायचं असेल तर आणखी काही महिने. इथे एकच शब्द शोधायचा: कंपनीला मसुदा ‘पाहण्याचा’ हक्क आहे की ‘संमती देण्याचा’? पहिल्यात मुदत संपली की तुम्ही मोकळे. दुसऱ्यात मुदत कधीच संपत नाही.

पेटंटसाठी थांबण्याला कारण आहे. युरोपात अर्ज करण्याआधी शोध कुठेही उघड झाला, अगदी पोस्टरवर, तरी नावीन्य गेलं. अमेरिकेत वर्षभराची सवलत मिळते, पण तिच्या भरवशावर युरोपातला हक्क घालवायला कोणतीच कंपनी तयार नसते. यावर जुना तोडगा म्हणजे पेटंटचा तात्पुरता अर्ज. तो आठवड्या-दोन आठवड्यांत दाखल होऊ शकतो आणि पूर्ण अर्जाला पुढे १२ महिने मिळतात. म्हणून ‘पेटंटसाठी पेपर दीड वर्ष थांबवा’ असं कोणी म्हणालं तर विचारा, तात्पुरता अर्ज का नाही?

जाता जाता: संख्याशास्त्रातली ‘टी-चाचणी’ ज्याने दिली तो विल्यम गॉसेट गिनेस कंपनीत नोकरीला होता. कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून १९०८ सालचा तो लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आला. कंपनीच्या भीतीपोटी सगळ्या जगाने ‘विद्यार्थी’ हे नाव पाठ केलं. तुमच्या पेपरवर मात्र तुमचंच नाव राहू द्या. नोकरीच्या अर्जात टोपणनाव चालत नाही.

थिसिसमध्ये गुपित आलं तर? व्हायवाचं, म्हणजे तोंडी परीक्षेचं, काय?

प्रबंध ग्रंथालयात ठरावीक काळ बंद ठेवता येतो, परीक्षकांकडून गोपनीयतेची सही घेता येते, व्हायवा बंद दाराआड होऊ शकते. तिन्ही उपाय आहेत, तिन्ही वेळ खातात. परीक्षक सही करायला तयार नसेल तर नवा परीक्षक शोधण्यात महिने जातात. त्यापेक्षा पहिल्या वर्षापासूनच लिहिण्याची शिस्त लावा. कंपनीच्या मिश्रणाला ‘नमुना क’ म्हणा. आलेखाच्या अक्षावर खऱ्या आकड्यांऐवजी सापेक्ष आकडे ठेवा. शास्त्र त्यातून पूर्ण दिसतं, पाककृती दिसत नाही. खरे आकडे एका वेगळ्या परिशिष्टात ठेवा म्हणजे बंद ठेवायचं ते तेवढंच.

लॅबमधल्या मित्राशी कामाबद्दल बोलायचं नाही का?

बोला, पण गोपनीय काय हे कागदावर ठरलेलं असू द्या. ‘प्रकल्पासंबंधी सर्व माहिती’ ही व्याख्या मान्य करू नका, कारण मग विभागाच्या सेमिनारमध्येही तोंड उघडता येणार नाही. कंपनीने ‘गोपनीय’ असं लिहून दिलेलं तेवढंच गोपनीय, ही व्याख्या ठीक.

नोंदवह्यांबद्दल मात्र हयगय नको. त्या तुमच्या हस्ताक्षरात असल्या तरी तुमच्या असतीलच असं नाही. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात कंपनीच्या पैशावरच्या प्रकल्पात काम करणाऱ्या एका पदवीच्या विद्यार्थ्याने शोध आपला म्हणून वह्या नेल्या. १९९० साली तो व्यापारी गुपित चोरल्याबद्दल दोषी ठरला आणि १९९६ साली तुरुंगात गेला. प्रकरण कितीही टोकाचं असलं तरी धडा साधा आहे: वह्या घरी न्यायच्या नाहीत, प्रती ठेवायची परवानगी लेखी घ्यायची.

निकाल कंपनीला नको असलेला आला तर?

अशा वेळी करारातली छोटी छोटी वाक्यं दात दाखवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत बेटी डाँग यांनी थायरॉइडवरच्या सिंथ्रॉइड या औषधाची इतर स्वस्त औषधांशी तुलना केली. पैसे सिंथ्रॉइड बनवणाऱ्या बूट्स कंपनीचे. निकाल आला की सगळी औषधं सारखीच काम करतात. लेख जामा या नियतकालिकात स्वीकारला गेला, १९९५च्या जानेवारीत छापायचाही ठरला आणि आयत्या वेळी मागे घ्यावा लागला. कारण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय छापायचं नाही, असं कलम करारात होतं. शेवटी तो १९९७च्या एप्रिलमध्ये आला.

प्राध्यापकाला दोन वर्षं थांबणं परवडतं, विद्यार्थ्याला नाही. ‘निकाल काहीही असो, प्रबंध सादर करता येईल’ हे वाक्य करारात शब्दशः असावं. ते घालायला कंपनी नाही म्हणाली तर त्या कंपनीबद्दल जे कळायचं ते तिथेच कळलं.

कंपनीने मधेच हात काढून घेतला तर?

घेतात. मंदी येते, मालक बदलतो, तुमच्यावर विश्वास ठेवणारा व्यवस्थापक दुसरीकडे जातो. शेवटचं कारण सगळ्यांत नेहमीचं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षी कंपनीने आमचा संशोधन विभागच बंद केला. माझे नमुने ज्या भट्टीत तापत होते ती एका सकाळी पॅकिंग होऊन गेली, आत सहा नमुन्यांसकट. मेंटॉरचा, म्हणजे कंपनीतल्या माझ्या मार्गदर्शकाचा, फोन दुपारी आला, तोही बिचारा नोकरी शोधत होता. मला वाचवलं ते गाईडने सुरुवातीला हट्टाने घातलेल्या दोन कलमांनी: बंद करण्याआधी सहा महिन्यांची सूचना आणि त्या काळाचा स्टायपेंड, आणि तोवर जमलेली मोजमापं प्रबंधात वापरण्याचा कायमचा हक्क. पैशाचं कलम सगळे बघतात. दुसरं विसरतात आणि मोजमापं कंपनीच्या सर्व्हरवर अडकून बसतात. आठवड्याला एकदा विद्यापीठाच्या सर्व्हरवर प्रत ठेवायची परवानगी पहिल्याच दिवशी घ्या.

तिसरी गोष्ट विद्यापीठाला विचारायची: कंपनी गेली तर उरलेला काळ तुम्ही सांभाळाल का? तोंडी ‘हो’ला किंमत नाही. काही विद्यापीठांत यासाठी खरोखर वेगळी तरतूद असते.

टॅक्स लागतो का?

पैसे शिक्षणासाठी मिळाले की कामाबद्दल, यावर बहुतेक ठिकाणी ठरतं. सिफ्रसारख्या योजनेत तो पगारच, त्यामुळे पगाराचे सगळे नियम लागू, पण आजारपण-निवृत्तीचं संरक्षणही मिळतं. अमेरिकेत १९८६च्या कायद्यापासून फीची रक्कम करमुक्त आणि राहण्या-खाण्याचा स्टायपेंड करपात्र. भारतात शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त आहे, पण तिच्या बदल्यात काम करून देण्याची अट असेल तर वाद निघू शकतो. पत्रावर ‘शिष्यवृत्ती’ लिहिलंय की ‘मानधन’ ते बघा, शब्द महत्त्वाचा ठरतो.

सरकारी फेलोशिप आहे. ही वर घेता येईल?

काही ठिकाणी वरकड रक्कम चालते, काही ठिकाणी तेवढी मूळ फेलोशिप कापतात. दोन्हीकडे लेखी कळवा. लपवलेलं ऑडिटमध्ये निघतं आणि वसुली तुमच्याकडून होते.

नोकरी पक्की का? आणि बॉंड?

नोकरी पक्की नसते, शक्यता चांगली असते. उलट बाजूने, बहुतेक योजनांत तुम्हीही कंपनीत जायला बांधलेले नसता. बांधलेले असता ते पाचव्या प्रकारात, कंपनीने शिकायला पाठवलं तेव्हा. तिथे तीन गोष्टी बघा. किती वर्षं? सोडलं तर किती रक्कम, आणि ती सेवेच्या प्रत्येक महिन्यागणिक कमी होते का? आणि कंपनीनेच काढून टाकलं तर बॉंड संपतो का? तिसऱ्याचं उत्तर करारात नसेल तर ते तुमच्या विरोधात जाईल असं धरून चाला.

गाईड एकीकडे ओढतात, कंपनीचा मेंटॉर दुसरीकडे. काय करू?

निरोप्या होऊ नका. ‘सर असं म्हणाले’, ‘मॅडम तसं म्हणाल्या’ अशी ने-आण करणारा दोघांचाही राग ओढवून घेतो. दर दोन महिन्यांनी तिघांची बैठक, त्याच संध्याकाळी तुम्ही लिहिलेलं अर्ध्या पानाचं टिपण, दोघांना एकाच मेलमध्ये. मतभेद उरलाच तर पदवी कोण देणार हे आठवा. पदवी विद्यापीठ देतं.

मी ज्या देशात शिकतो तिथला नागरिक नाही. अडचण येईल?

येऊ शकते, विशेषतः अवकाश, संरक्षण, प्रगत चिप्स अशा विषयांत. अमेरिकेच्या निर्यात-नियमांत नियंत्रित तंत्रज्ञान देशातल्या देशात परक्या नागरिकाला दाखवणंही निर्यात धरलं जातं. अर्जाआधीच विद्यापीठाच्या कार्यालयात विचारा. निवड झाल्यावर लॅबच्या दारात अडकण्यापेक्षा ते बरं.

करार कोणाला दाखवू? मला वकील परवडत नाही.

टेबलाभोवती कंपनीचा वकील असतो, विद्यापीठाचा असतो, तुमचा कोणीच नसतो. विद्यापीठाचं तंत्रज्ञान-हस्तांतरण कार्यालय मदत करतं, पण ते विद्यापीठाचं हित बघतं. बहुतेक वेळा ते आणि तुमचं एकच असतं, मालकीच्या बाबतीत नसेलही. म्हणून संशोधक विद्यार्थ्यांची संघटना, किंवा याच कंपनीबरोबर आधी काम केलेला एखादा सीनियर गाठा. तुलनेला नमुना हवा असेल तर ब्रिटिश सरकारने २००५ साली आणलेले ‘लॅम्बर्ट’ करार मोफत मिळतात. मालकी कोणाकडे राहणार यानुसार त्यांचे वेगवेगळे मसुदे आहेत. आपल्या कराराशी कलमागणिक ताडून बघा. कोणतं कलम गायब आहे ते लगेच दिसतं.

काम संपलं. आता कंपनीला काय काय द्यायचं?

नमुने, यंत्रं, प्रोग्रामचा कोड, वह्या आणि शेवटचा अहवाल. यादी करून द्या आणि मिळाल्याची सही घ्या. कोडमधल्या फाइली कशा चालवायच्या ते दोन पानांत लिहून ठेवा, नाहीतर वर्षभर फोन येत राहतात. त्याच बैठकीत मेंटॉरकडून एक मेल मागून घ्या: बायोडेटात आणि मुलाखतीत या कामाबद्दल काय सांगितलेलं चालेल. मेंटॉर कंपनीत असेपर्यंतच हे घ्या.